वाळू, कोळसा आणि थंड उजेड : अर्धवाहक दिव्याचा पूर्वेतिहास

मानवाच्या इतिहासात उजेड आणि जाळणे या दोन गोष्टी हजारो वर्षे एकत्रच नांदल्या. शेकोटी, मशाल, पणती, चिमणी, कंदील, गॅसबत्ती या साऱ्यांत काही ना काही जळत असते, तेव्हा कोठे दिसू लागते. विजेचा पिवळा गोळाही या नियमाला अपवाद नव्हता. त्यातली टंगस्टनची तार जळून राख होत नाही एवढेच. परंतु ती पांढरीफटक होईपर्यंत तापते आणि तापल्यामुळेच उजळते. आज आपल्या वसतिगृहाच्या छताला, गावच्या खांबावर आणि प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये जो एलईडी दिवा आहे, त्यात मात्र काहीच जळत नाही. एका लहानशा स्फटिकातून वीज वाहते आणि स्फटिक न तापताच प्रकाशतो. हा थंड उजेड कोणी, केव्हा आणि कसा शोधला, याचा इतिहास आपल्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी जाणून घ्यावा, या हेतूने आम्ही प्रस्तुत लेख लिहीत आहोत. आम्ही इतिहासाचे अभ्यासक आहोत, पदार्थविज्ञानाचे नव्हे. परंतु या दिव्याच्या कथेत कोणाचे नाव राहिले आणि कोणाचे पुसले गेले, हा प्रश्न इतिहासाचाच आहे.

धार लावण्याच्या दगडातून उजेड

या कथेचा पहिला कच्चा माल आपल्याला अगदी जवळचा आहे. अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ मध्ये विजेच्या प्रचंड उष्णतेत माती आणि कोक एकत्र तापवले, तेव्हा त्यांना हिऱ्याच्या खालोखाल कठीण असे चकाकणारे स्फटिक मिळाले. त्यांनी त्याला कार्बोरंडम हे नाव दिले. रसायनशास्त्रात तो सिलिकॉन कार्बाइड होय. पुढे कारखान्यांत तो वाळू आणि कोक यांपासून तयार होऊ लागला. विळ्या-कोयत्यांना धार लावणारे चाक आणि सुताराचा पॉलिश पेपर यांत हाच पदार्थ असतो. मार्कंड्याला उत्तरेकडे वळणाऱ्या वैनगंगेच्या पात्रात वाळू आहे आणि चंद्रपूर-बल्लारपूरच्या भूगर्भात कोळसा आहे. म्हणजे जगातील पहिल्या अर्धवाहक दिव्यात जी मूलद्रव्ये होती, ती सिलिकॉन आणि कार्बन ही दोन्ही आपल्या पायाखाली आहेत. आपल्याकडे उणीव द्रव्याची कधीच नव्हती. जी उणीव होती ती प्रयोगशाळेची आणि संधीची.

विसाव्या शतकाच्या आरंभी बिनतारी संदेशवहनाचे युग सुरू झाले होते. हवेतून आलेल्या विद्युत् लहरी ओळखण्यासाठी स्फटिकाला बारीक तारेचे टोक टेकवून ग्राहक तयार करीत. या कामात आपल्या देशाचे आचार्य जगदीशचंद्र बोस अग्रेसर होते. गॅलेना या शिशाच्या खनिजाचा ग्राहक म्हणून उपयोग करण्याच्या त्यांच्या शोधाला १९०४ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. त्यासाठीचा अर्ज १९०१ सालचा होता. अर्धवाहकाच्या उपकरणाला मिळालेले हे जगातील पहिले पेटंट मानले जाते.

मार्कोनी कंपनीतील इंग्रज अभियंता एच. जे. राउंड अशाच स्फटिकांची तपासणी करीत होते. कार्बोरंडमच्या तुकड्याला दोन ठिकाणी तारा टेकवून १० व्होल्टचा दाब दिला असता काही तुकड्यांतून पिवळसर उजेड येतो, असे त्यांच्या लक्षात आले. दाब ११० व्होल्टपर्यंत नेल्यावर आणखी पुष्कळ तुकडे उजळले. काहींचा रंग हिरवा, काहींचा नारिंगी, तर काहींचा निळा होता. फेब्रुवारी १९०७ मध्ये ‘इलेक्ट्रिकल वर्ल्ड’ या नियतकालिकात त्यांनी त्याविषयी एक छोटे टिपण दिले. त्या टिपणाची फारशी दखल कोणी घेतली नाही आणि राउंडही इतर कामांत गुंतले. पुढे पंधरा-सोळा वर्षे हा उजेड विस्मृतीत गेला.

पदवी नसलेला संशोधक

त्याला पुन्हा पाहिले ते ओलेग लोसेव या रशियन तरुणाने. लोसेव यांचा जन्म १९०३ चा. निझनी नोव्हगोरोद येथील रेडिओ प्रयोगशाळेत ते अगदी तरुण वयात साध्या कामावर रुजू झाले. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. तरीही १९२२ मध्ये त्यांनी झिंकाइट नावाच्या खनिजाच्या स्फटिकाने बिनतारी संदेश नुसता ओळखताच नव्हे तर मोठाही करता येतो, हे दाखवून दिले. ट्रान्झिस्टरच्या जन्माला तेव्हा पंचवीस वर्षांचा अवकाश होता.

याच काळात कार्बोरंडमवर तारेचे टोक टेकवताना त्यांना तो मंद उजेड दिसला. राउंड यांनी उजेड पाहिला होता. लोसेव यांनी त्याची चौकशी केली. प्रथम प्रश्न असा की, हा उजेड तापल्यामुळे येतो काय? त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी उजळलेल्या जागेवर बेंझिनचा थेंब ठेवला. बेंझिन उष्णतेने झटकन उडून जाते. थेंब सावकाशच उडाला. म्हणजे तेथे उष्णता नव्हती आणि उजेड होता. किती दाबाला उजेड सुरू होतो, विजेची दिशा उलटी केल्यास काय होते, त्यात कोणते रंग आहेत, तो किती वेगाने चालू-बंद करता येतो, हे सर्व त्यांनी मोजले. १९२७ पासून त्यांचे या विषयावरील लेख रशियन, जर्मन व इंग्रजी नियतकालिकांत येऊ लागले. त्याच वर्षी या उजेडाचा उपयोग संदेश पाठवण्यासाठी करता येईल अशा उपकरणाच्या पेटंटसाठी त्यांनी अर्ज केला. आइन्स्टाइन यांनी प्रकाशामुळे धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याचे जे स्पष्टीकरण १९०५ मध्ये दिले होते, त्याचीच ही उलटी बाजू असावी, असा तर्कही लोसेव यांनी केला. तो तर्क योग्य दिशेचा होता.

१९३८ मध्ये लेनिनग्राडच्या भौतिक-तांत्रिक संस्थेने त्यांना प्रबंधाविनाच पदवी बहाल केली. परंतु कायमची सुसज्ज प्रयोगशाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. एका वैद्यकीय संस्थेत पदार्थविज्ञान शिकवून ते चरितार्थ चालवीत. जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला आणि २२ जानेवारी १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी, लोसेव उपासमारीने मरण पावले. एलईडीचा खरा आरंभ ज्याच्या हातून झाला, तो मनुष्य भाकरीवाचून गेला. फ्रान्समधील जॉर्ज देस्त्रिओ यांनी १९३६ मध्ये झिंक सल्फाइडच्या भुकटीतून विजेच्या साहाय्याने उजेड मिळवला, तेव्हा त्यांनी अशा प्रकाशाला लोसेव यांचे नाव दिले होते. जगाने मात्र ते नाव दीर्घकाळ विसरल्यासारखेच केले.

बांधीतले पाणी आणि उजेडाचा रंग

स्फटिक उजळतो का, याचे उत्तर लोसेव यांच्या हयातीत पुरते मिळाले नव्हते. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला, अर्धवाहकांचे शास्त्र उभे राहिले आणि १९५१ मध्ये कर्ट लेहोवेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बोरंडमच्या उजेडाचा नव्या सिद्धांतानुसार उलगडा केला. तो आपल्या धानाच्या शेतीवरून समजून घेता येईल.

उतारावरच्या दोन बांध्या डोळ्यांपुढे आणाव्यात. वरच्या बांधीत पाणी आहे, खालच्या बांधीत रिकामी जागा आहे आणि मध्ये बांध आहे. बांधाचे तोंड फोडले की पाणी खाली पडते. जितक्या उंचीवरून पडेल तितका त्याचा आवाज मोठा. अर्धवाहकातही इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या अशाच दोन पातळ्या असतात आणि त्यांच्या मध्ये काहीही थांबू शकत नाही अशी दरी असते. स्फटिकाच्या एका भागात अल्प प्रमाणात दुसरे द्रव्य मिसळून वरच्या पातळीवर जादा इलेक्ट्रॉन ठेवतात. दुसऱ्या भागात वेगळे द्रव्य मिसळून खालच्या पातळीवर रिकाम्या जागा ठेवतात. हे दोन भाग जेथे भेटतात तो सांधा म्हणजे आपला बांध. विजेचा योग्य दाब दिला की इलेक्ट्रॉन सांध्यापाशी येऊन रिकाम्या जागेत पडतात आणि पडताना सुटलेली ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर येते. बॅटरी पंपाप्रमाणे काम करीत इलेक्ट्रॉनांचा पुरवठा चालू ठेवते.

दरीच्या उंचीवर उजेडाचा रंग ठरतो. उंची थोडी असेल तर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मिळतो; आणखी वाढली की लाल, मग पिवळा, हिरवा आणि सर्वांत उंच दरीतून निळा. कार्बोरंडमची दरी पुरेशी उंच आहे, पण त्यात इलेक्ट्रॉन सरळ खाली पडत नाहीत. बांधातून झिरपणाऱ्या पाण्याप्रमाणे बहुतेक ऊर्जा स्फटिकाच्या थरथरीत, म्हणजे उष्णतेत, मुरते. म्हणून राउंड आणि लोसेव यांचा उजेड मंद होता. तेजस्वी दिव्यासाठी सरळ पडणारा पदार्थ हवा होता.

खाण कामगाराचा मुलगा

असा पदार्थ गॅलियम आणि आर्सेनिक यांच्या संयोगातून मिळाला. १९५५ मध्ये अमेरिकेतील रुबिन ब्राउनस्टीन यांना गॅलियम आर्सेनाइड व त्यासारख्या संयुगांतून अवरक्त प्रकाश मिळाला. १९६१ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे जेम्स बायर्ड आणि गॅरी पिटमन यांनी त्यापासून उपयोगी पडेल असा अवरक्त एलईडी तयार केला. टीव्हीच्या रिमोटमध्ये पुढे याच जातीचा दिवा आला. १९६२ च्या सप्टेंबरमध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या रॉबर्ट हॉल यांनी अर्धवाहक लेसर साधला.

परंतु हे सारे डोळ्यांना न दिसणारे होते. दिसणारा लाल उजेड त्याच कंपनीतील निक होलोन्याक यांनी ९ ऑक्टोबर १९६२ रोजी मिळवला. गॅलियम आर्सेनाइडमध्ये फॉस्फरस मिसळून त्यांनी दरीची उंची वाढवली होती. होलोन्याक यांचे वडील स्थलांतरित होते आणि इलिनॉयमधील कोळशाच्या खाणीत काम करीत. शाळेत जाऊन रीतसर शिकणारे होलोन्याक हे घराण्यातील पहिले. पुढे ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या जॉन बार्डीन यांचे ते पहिले पीएचडी विद्यार्थी झाले. आपल्या शाळेच्या हजेरीपटावर बल्लारपूरच्या आणि दुर्गापूरच्या खाण कामगारांच्या मुलांची नावे असली तर शिक्षकांनी त्यांना हा प्रसंग अवश्य सांगावा.

होलोन्याक यांनी १९६३ मध्येच असे सांगितले होते की, हा ठिपक्याएवढा दिवा एके दिवशी घरातल्या बल्बची जागा घेईल. तेव्हा कंपनी एका एलईडीची किंमत २६० डॉलर सांगत होती. १९६८ च्या सुमारास मोन्सँटो कंपनीने लाल एलईडीचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. १९७२ मध्ये होलोन्याक यांचेच विद्यार्थी जॉर्ज क्रॅफर्ड यांनी पिवळा एलईडी तयार केला. गणकयंत्रांतील आणि घड्याळांतील लाल आकडे त्याच दशकातले.

निळ्याची तीस वर्षे

लाल, पिवळा, हिरवट उजेड मिळाला तरी त्यात पुस्तक वाचता येईना. पांढऱ्या उजेडासाठी निळा आवश्यक होता आणि निळ्यासाठी सर्वांत उंच दरीचा पदार्थ, म्हणजे गॅलियम नायट्राइड. १९७२ मध्ये अमेरिकेत जॅक पँकोव्ह, हर्बर्ट मारुस्का आदींनी त्यातून मंद निळा-जांभळा उजेड मिळवला. पण काम पुढे थांबवण्यात आले. स्फटिक नीट वाढत नव्हता आणि त्यात रिकाम्या जागांचा भाग तयार करणे अशक्य वाटत होते. बहुतेकांनी हा मार्ग सोडून दिला.

जपानमधील नागोया विद्यापीठात इसामू अकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी तो सोडला नाही. १९८६ मध्ये त्यांनी स्वच्छ स्फटिक वाढवला आणि १९८९ मध्ये अशक्य मानलेला दुसरा भागही साधला. शिकोकू बेटावरच्या निचिया या प्रादेशिक कंपनीत शुजी नाकामुरा स्वतंत्रपणे हेच काम करीत होते. तेव्हा त्यांच्यापाशी डॉक्टरेट नव्हती. म्हणून अमेरिकेतील वास्तव्यात आपल्याला बरोबरीने वागवले गेले नाही, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. १९९३ मध्ये त्यांच्या कंपनीने तेजस्वी निळा एलईडी जाहीर केला. १९९६ मध्ये निळ्या एलईडीवर पिवळा उजेड देणाऱ्या भुकटीचा लेप देऊन पांढरा एलईडी बाजारात आला. निळा आणि पिवळा मिळून डोळ्यांना पांढरा दिसतो. २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळाले.

त्या पिवळ्या भुकटीला फॉस्फर म्हणतात आणि येथे आपला विदर्भ या इतिहासात येतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात डॉ. एस. व्ही. मोहरील, डॉ. संजय ढोबळे यांच्यासारख्या प्राध्यापकांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी फॉस्फरवर अनेक वर्षे संशोधन केले आहे. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आपले जिल्हे त्याच नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होते. म्हणजे हे ज्ञान परदेशातच आहे असे नव्हे. ते एका दिवसाच्या प्रवासावर आहे.

वसतिगृहाचा हिशेब

या शोधाने आपल्या जीवनात काय बदलले, ते आकड्यांत पाहू. नोबेल समितीने दिलेल्या तुलनेनुसार एक वॅट ऊर्जेत तेलाचा दिवा सुमारे ०.१ ल्यूमेन उजेड देतो, जुना बल्ब सुमारे १६, ट्यूबलाइट सुमारे ७० आणि २०१४ पर्यंतचा सर्वोत्तम एलईडी ३०० हून अधिक. वसतिगृहात ६० वॅटचे १०० बल्ब रोज ५ तास लावले तर ३० युनिट वीज लागते. तितक्याच कामासाठी ९ वॅटचे एलईडी लावले तर साडेचार युनिट पुरतात. औष्णिक केंद्रात एका युनिटामागे सुमारे पाऊण किलो कोळसा जळतो, असे धरले तर एका वसतिगृहामागे रोज सुमारे १९ किलो कोळसा वाचतो. २९२० मेगावॅट क्षमतेच्या चंद्रपूर वीज केंद्राच्या धुराखाली राहणाऱ्या माणसांना या हिशेबाचा अर्थ वेगळा समजावण्याची आवश्यकता नाही.

किमतीचाही इतिहास आहे. केंद्र शासनाच्या एलईडी वितरण योजनेसाठी खरेदी केलेल्या बल्बचा दर २०१४ च्या आरंभी ३१० रुपये होता. मोठ्या प्रमाणावरील सामूहिक खरेदीमुळे तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. आयआयटी मुंबईच्या प्रा. चेतनसिंह सोलंकी यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान व ओडिशा येथील ग्रामीण विद्यार्थ्यांपर्यंत १० लाख सौर अभ्यासदिवे पोहोचवण्यात आले. त्या दिव्यांची जुळणी आणि दुरुस्ती गावातल्याच माणसांना शिकवण्यात आली. ही गोष्ट आम्हांला दिव्यापेक्षाही महत्त्वाची वाटते.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत, सारे घर झोपलेले असताना रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास करणाऱ्या भीमरावाची कथा आपणा सर्वांना पाठ आहे. त्याच बाबासाहेबांनी पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, ऑक्टोबर १९४३ मध्ये, विद्युत् शक्तीविषयक धोरण समितीपुढे अध्यक्षीय भाषण केले, याची माहिती मात्र थोड्यांना असते. स्वस्त आणि विपुल वीज असल्याशिवाय उद्योगीकरण यशस्वी होणार नाही आणि उद्योगीकरणाशिवाय दारिद्र्याच्या चक्रातून सुटका नाही, अशी त्यांची भूमिका होती. ज्याने अंधारात अभ्यास केला होता त्याने उजेडाचा प्रश्न दानधर्माचा न मानता राज्याच्या धोरणाचा मानला.

प्रयोगशाळेचे दार

राउंड यांचा उजेड अनेकांना दिसू शकला असता. लोसेव यांनी थेंब ठेवून प्रश्न विचारला, म्हणून तो शोध झाला. लोसेव यांच्यापाशी पदवी नव्हती, नाकामुरांपाशी डॉक्टरेट नव्हती, होलोन्याक यांच्या घरात शिक्षणाची परंपरा नव्हती. परंतु तिघांच्याही हाताशी प्रयोगशाळा होती. बुद्धी एखाद्या कुळाची मिरास नाही, हे आपण व्यासपीठावरून वारंवार सांगतो. ते सिद्ध व्हायचे असेल तर एटापल्ली-भामरागडहून आलेल्या मुलीच्या हातात मोजमापाचे साधन असले पाहिजे. कुलूपबंद कपाटातली उपकरणे कोणाची बुद्धी उजळत नाहीत.

यासाठी फार मोठा निधी लागत नाही. एक मल्टिमीटर, काही लाल व निळे एलईडी, काही रोध आणि दोन-तीन सेल एवढ्यावर लोसेव यांच्या प्रयोगांची ओळख करून देता येते. रोध जोडून दाब हळूहळू वाढवला की लाल एलईडी पावणेदोन-दोन व्होल्टच्या सुमारास उजळतो, निळ्याला तीनच्या जवळपास लागतात. दरीची उंची विद्यार्थी स्वतः मोजतो. सेल उलटा जोडला की उजेड बंद होतो. मग सेल काढून नुसता लाल एलईडी उन्हात धरावा आणि त्याच्या दोन तारांना मल्टिमीटर लावावा. काटा किंवा आकडा हलतो, कारण उजेड देणारा हाच सांधा उजेड घेऊन वीजही देतो. सौर पॅनलचे तत्त्व तेच.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला भेट देताना भिंतीवरच्या घड्याळाऐवजी किंवा सत्काराच्या शालीऐवजी एक मल्टिमीटर आणावा आणि आठवी-नववीच्या मुलांसोबत एक तास बसून हा प्रयोग करावा. पालकांनी सुटीत घरी आलेल्या मुलाला, बंद पडलेला एलईडी बल्ब विजेपासून अलग करून, शिक्षकांनी शिकवलेल्या रीतीने उघडू द्यावा आणि आत काय आहे ते त्याच्याकडून समजून घ्यावे. आपली मुले उजेडाची गिऱ्हाईके म्हणून वाढतील की जाणकार म्हणून, हे अशा लहान कामांवर ठरते. शाळेच्या पुढील स्मरणिकेत या विषयावरचा लेख येथल्याच एखाद्या माजी विद्यार्थिनीने, स्वतःच्या प्रयोगाच्या आधारे लिहावा, एवढी अपेक्षा व्यक्त करून आम्ही थांबतो.